गाऱ्हाणं: ‘लॉस’चा लाल दिवा आणि गावातून वेबसाइटी करणं

कातळावरचा (धागाकर्ता), १२ जुलै, सकाळी ७.१०

मंडळी, दोनेक वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज लिहायला बसलो, कारण काल दुपारी दोनपासून घरातल्या फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा, म्हणजे सिग्नल पोचत नसल्याचा, लाल दिवा लुकलुकतोय. हे रात्री फोनवर टाइप केलं, आता सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, येऊन चढवतोय. छत्री एका हातात आहे, तेव्हा शुद्धलेखन हलके घ्या.

मी देवगड तालुक्यातला. बारा वर्षं पुण्यात नोकरी केली, २०२० च्या लॉकडाऊनला गावी आलो तो राहिलोच. धंदा वेबसाइटी करण्याचा. गिऱ्हाइकं म्हणजे आंबा बागायतदार, होमस्टेवाले, दोन मासळीवाले आणि एक पतसंस्था. पोटापुरतं मिळतं, घरचा भात आहे, तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे.

पुण्यातले मित्र विचारतात, “गावात नेट आहे का?” ह्याला हो किंवा नाही असं उत्तरच देता येत नाही. लाईट असेल, वारा पडलेला असेल, माकडांनी वायरीवर झोके घेतले नसतील आणि हायवेच्या बाजूला कुठे जेसीबी चालू नसेल, तर आहे. चांगलं शंभर एमबीपीएस आहे. आणि मग एखाद्या मंगळवारी नाही. परत कधी येईल ते कोणी सांगत नाही. घरात मोबाईलला रेंज नाही, कारण घर व्हाळाच्या काठाला, खोलगटात. रेंज वर सड्यावर, एका जांभ्याच्या दगडावर. त्याला वाडीत ‘टॉवर’च म्हणतात.

गेल्या महिन्यातली गोष्ट. शेजारच्या काकांचा एका सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा होता. माझ्या घरात वायफाय सुरू, लॅपटॉप सुरू. पोर्टल म्हणालं, मोबाईलवर ओटीपी पाठवलाय, मुदत तीन मिनिटं. काकांचा फोन साधा, बटणांचा. रेंजचा दगड घरापासून पाच मिनिटं, तीही चढ. पहिला ओटीपी वाटेतच मेला. दुसऱ्या वेळी पुतण्याला फोन देऊन आधीच दगडावर उभा केला. तो वरून ओरडणार, काकी खळ्यात उभी राहून ऐकणार आणि मला खिडकीतून सांगणार. “चार! सात! सात!” वरून पावसाची सर आली. काकीने सातचे साठ ऐकले. तिसऱ्या वेळी सहाच्या सहा आकडे बरोबर पोचले, मी बटण दाबलं, आणि समोर आलं: ‘आपले सत्र संपले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.’

काका म्हणाले, “तलाठ्याकडे चलत गेलो असतंय तर एव्हाना परत इलो असतंय.”

मी स्वतः असलेच फॉर्म लिहून पैसे मिळवतो, त्यामुळे हसता पण येईना. तो ओटीपी लिहिणारा माणूस काही दुष्ट नाही. त्याचा फोन आणि त्याचा संगणक एकाच टेबलावर असतात, एवढंच. तीन मिनिटं त्याला भरपूर वाटली असतील. मलाही पुण्यात असताना वाटली होती. मी तर एका कामात दीड मिनिट ठेवली होती, आणि ‘सुरक्षा’ म्हणून त्याचं कौतुक करून घेतलं होतं.

तर माझं गाऱ्हाणं एवढंच. आमच्याकडे नेट नाही अशी अवस्था आता राहिलेली नाही. ते आहे आणि नाही यांच्या मधे लोंबकळतं, आणि सगळी सॉफ्टवेअरं मात्र ‘आहे’ असं धरून लिहिलेली असतात. वेगाचे आकडे वाढवून हे सुटत नाही, पानंच हलकी, मोजक्या केबीत लिहावी लागतात. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं ह्याची सरकारी व्याख्या २००४ मध्ये २५६ केबीपीएस होती, जानेवारी २०२३ पासून ती २ एमबीपीएस झाली. झाली ते बरंच झालं. पण २ एमबीपीएस ‘सलग किती वेळ’ हे त्या व्याख्येत नाही, आणि आमचा सगळा प्रश्न त्या ‘सलग’मधे आहे.

तुमच्याकडे काय अनुभव? आणि कोणी फायबरचं काम करणारं इथे असेल तर हा लाल दिवा घरच्या घरी काही करून जातो का? डबा कपाटाच्या मागे आहे, वायर तिथूनच येते.

---

कोकमसार, १२ जुलै, सकाळी ८.०२

होय म्हाराजा!

काकीचा ‘साठ’ वाचून चहा सांडला. आमच्या वेंगुर्ल्याला पण असा एक दगड आहे, त्यावर आता लोकांनी बसायला बाक टाकलाय.

---

हिंजवडीचा_जावई, १२ जुलै, सकाळी १०.४५

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. २०१६ च्या आधी एक जीबीला अडीचशे रुपये मोजायचो, आज तेवढा डेटा चहाच्या किमतीत मिळतो. अशा काळात केबी मोजत बसणं म्हणजे टाकी भरलेली असताना तांब्याने अंघोळ करणं. माझी टीम तयार फ्रेमवर्क वापरते, पान २ एमबीचं होतं, जगभर तेवढंच होतं. ते १०० केबीवर आणायला माणूस बसवला तर त्याचा पगार कोण देणार? आणि तुमचं गिऱ्हाईक तर मुंबईत आहे. आंबा देवगडात कोणी ऑनलाइन मागवत नाही. त्याला वेगवान नेट आहे, त्याला व्हिडिओच हवा असतो.

ओटीपीचं म्हणाल तर वायफाय कॉलिंग चालू करा, बऱ्याच फोनवर घरात एसएमएस येतो.

---

कातळावरचा, १२ जुलै, दुपारी १.३०

@हिंजवडीचा_जावई, गिऱ्हाईक मुंबईत ह्या मुद्द्याला मान्य. आणि मी त्याला नडतही नाही. एका बागायतदाराच्या मुखपृष्ठावर ड्रोनचा व्हिडिओ आहे, पान ४.६ एमबी. तसंच ठेवलंय. ठाण्यातल्या माणसाला बाग बघून पेटी घ्यायची असते, घेऊ दे.

पण त्याच साइटची दुसरी बाजू बघा. ऑर्डर आल्यावर ‘पेटी भरली’, ‘गाडीत दिली’ असं नोंदवायचं पान. ते कोण उघडतो? बागायतदार. कुठे? कलमाखाली उभा राहून, एप्रिलच्या उन्हात. माणसं वर तोडणीला, एका हातात झेला (आंबे उतरवायची जाळी), दुसऱ्या हाताच्या बोटांना आंब्याचा चीक, फोनची काच तडकलेली, रेंजची एक कांडी. मी पहिल्या वर्षी त्याला जो डॅशबोर्ड करून दिला होता तो असा काही देखणा होता, आलेख काय, गोल चकत्या काय! त्याने दोन दिवस वापरला आणि परत वहीत लिहायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, “तुझी चकती फिरते तवसर माझी गाडी सुटता.”

आता ते पान ११ केबीचं आहे. हा आकडा हौसेचा नाही. जोडणी सुरू होताना सर्व्हर पहिल्या खेपेला साधारण १४ केबीच पाठवतो आणि मग पलीकडून पोच येईपर्यंत थांबतो. कमजोर रेंजवर ती एक ये-जा सुद्धा सेकंदभर खाते. पान पहिल्याच खेपेत मावलं तर माणसाला ते लगेच दिसतं. बटणं अंगठ्याएवढी, कारण चीक. फॉन्ट फोनमधला आहे तोच. देवनागरीचा वेगळा फॉन्ट पाठवायचा म्हणजे सगळी जोडाक्षरं धरून पानाच्या कितीतरी पट बोजा. आणि नोंद आधी फोनमध्येच साठते, रेंज आली की आपोआप वर जाते. तो ‘गाडीत दिली’ दाबतो आणि फोन खिशात टाकतो. त्याला नेट होतं की नव्हतं हे कळायची गरजच उरत नाही.

तुमच्या २ एमबीचं गणित: २५६ केबीपीएसच्या दमाने ते पान यायला मिनिटाच्या वर लागतं. सड्यावर संध्याकाळी सगळी वाडी जमते तेव्हा आम्हाला तेवढाच दम मिळतो, पॅक कितीचा का असेना. आणि चहाच्या किमतीचं म्हणाल, तर ते रोजचे दीड-दोन जीबी असलेल्या पॅकचं गणित. वाडीतल्या निम्म्या म्हाताऱ्या फक्त फोन चालू राहावा म्हणून सगळ्यात लहान रिचार्ज मारतात. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा इथे काहींनी दुसरं सिम बंदच केलं.

वायफाय कॉलिंग: काकांचा फोन बटणांचा आहे हो.

---

हिंजवडीचा_जावई, १२ जुलै, दुपारी २.०५

चकतीचं वाक्य ऑफिसात छापून लावतो. पगाराचा प्रश्न तरी उरतोच.

---

सेवाकेंद्र_चालक, १२ जुलै, रात्री ९.५०

मी बीड जिल्ह्यातली, गावात ऑनलाइन अर्जांचं केंद्र चालवते. ते ‘सत्र संपले आहे’ वाचून लिहावंसं वाटलं.

योजनेची शेवटची तारीख जवळ आली की आमच्याकडे पहाटे चारपासून बाया रांगेत असतात. दिवसा पोर्टल हलत नाही. म्हणून मी कागदं दिवसा घेऊन ठेवते आणि रात्री एक ते चार अर्ज भरते. पण ओटीपी लागतो ना! मग रात्री दीड वाजता फोन: “मावशी, उठा, आकडा सांगा.” काहींचा नंबर मुलाच्या नावावर, मुलगा ऊसतोडीला कर्नाटकात. तोही झोपेतून उठून सांगतो बिचारा. एकदा एकाने झोपेत मला बँकेचा ओटीपी सांगितला. मीच ओरडले त्याच्यावर.

अंगठ्याचं तर वेगळंच. भांडी घासून, खुरपून बोटांच्या रेषा गेलेल्या. यंत्र म्हणतं जुळत नाही. मी खोबरेल लावते, कोमट पाण्यात बोटं बुडवायला सांगते, सहाव्या-सातव्या वेळी लागतं कधीकधी. तेवढ्यात नेट गेलं की पहिल्यापासून.

फॉर्म अर्धा भरून ‘जतन करा’ एवढं एक बटण द्या हो कोणीतरी. वेग मागत नाही मी.

---

कातळावरचा, १२ जुलै, रात्री १०.१५

ताई, ते बटण करायला एका माणसाला अर्धा दिवस लागतो. शपथेवर सांगतो. मी पतसंस्थेच्या अर्जात केलंय, प्रत्येक रकाना भरला की फोनमध्येच जतन होतो. ओटीपीची मुदत पंधरा मिनिटं ठेवली आणि चुकीचे प्रयत्न पाचवर थांबवले. संचालक म्हणाले, पंधरा मिनिटं म्हणजे धोका. त्यांना सड्यावर घेऊन गेलो. येताना त्यांनीच वीस करायला सांगितलं, मी पंधरावर अडून बसलो.

---

प्राणहितेकाठी, १३ जुलै, सकाळी ६.४०

गडचिरोलीतलं सिरोंचा. आमचा फोन नदीपलीकडच्या तेलंगणाच्या टॉवरला चिकटतो, स्वागताचा मेसेज तेलुगूत येतो. वाचता येत नाही, पण आला की समजायचं रेंज आहे. शाळेची माहिती भरायला त्या एका जागेवर मोटरसायकल उभी करून सीटवर लॅपटॉप.

---

जुना_मोडेम, १३ जुलै, सकाळी ११.२०

म्हाताऱ्याची भर घालतो. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं झालं, तेव्हा स्वस्तातलं खातं ‘शेल’चं असायचं. चित्र नाही, फक्त अक्षरं, काळ्या पडद्यावर. लिंक्स नावाच्या ब्राउझरमधून आम्ही वाचायचो. धागाकर्त्याचं ११ केबीचं पान त्यात आजही उघडेल. सुंदर दिसणार नाही, पण काम होईल. मी अजून कुठलीही साइट तपासताना आधी त्यात उघडून बघतो. दहातल्या सहा कोऱ्या दिसतात.

गावांपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या हे उद्दिष्ट. पंचायतीपर्यंत तार आली तरी पंचायत ते वाडी हे शेवटचं अंतर उरतंच, आणि कोकणातली वाडी म्हणजे तीन टेकड्यांपलीकडे. ह्यावर मुंबईच्या आयआयटीने पालघर जिल्ह्यात चांगलं काम केलं होतं, ग्राममार्ग नावाने: दूरदर्शनच्या वाहिन्यांमधल्या मोकळ्या लहरी वापरून एका गावातून दुसऱ्या गावात नेट टाकायचं. त्या लहरी झाडीतून बऱ्या जातात. २०१७ मध्ये त्याला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

---

कोकमसार, १३ जुलै, दुपारी १२.०५

आमच्या पंचायतीत ती भारतनेटची पेटी आहे. कपाटात. किल्ली ग्रामसेवकांकडे. ग्रामसेवकांकडे तीन गावं. कपाटाला मात्र वायफाय मस्त मिळत असणार.

---

जॉइंटवाला, १३ जुलै, रात्री ११.३०

मी फायबरच्या लाइनीवर काम करतो, सह्याद्रीच्या ह्याच अंगाला. दिवसभर खांबावर असतो म्हणून उशीर.

लोक आम्हाला शिव्या देतात, द्या. पण आतलं सांगतो. तुमच्या घरात येणारी काच केसासारखी बारीक, आणि ज्यातून उजेड जातो तो गाभा नऊ मायक्रॉनचा. यंत्रातून निघालेला उजेड एक असतो, तो स्प्लिटरने वाटला जातो. आठ घरांत वाटला तर दहा डेसिबलच्या वर तिथेच जातात. मग प्रत्येक जॉइंटला थोडा, प्रत्येक किलोमीटरला थोडा. घरात पॉवर मीटर (उजेड मोजायचं यंत्र) लावला की उणे वीसच्या आसपास आलं तर छान. उणे सत्तावीसच्या खाली गेलं की डबा आंधळा होतो आणि लाल दिवा लावतो. म्हणजे लाल दिवा म्हणजे वायर तुटलीच असं नाही. उजेड कमी पडला एवढंच.

कमी का पडतो? जॉइंट बॉक्समध्ये पाणी. मुंग्या. लोकांनी नारळ उतरवताना वायर खेचली. आणि वाक! ही काच वाकवली की उजेड कोपऱ्यातून बाहेर सांडतो. अंगठ्याएवढ्या गोलात वळवलीत तरी फरक पडतो.

जमिनीखालून का नाही म्हणाल, तर जांभा फोडायचा खर्च बघा, आणि रस्ता खोदायची परवानगी, आणि दर पावसाळ्यात नवीन गटार. खांबावरून नेली की स्वस्त. पण मे २०२१ ला तौक्ते वादळात सिंधुदुर्गात खांब आडवे झाले तेव्हा वीज आणि नेट दोन्ही एकदम झोपले. त्या नऊ दिवसांत मी सोळा किलोमीटर वायर चिखलातून गोळा केली.

धागाकर्ते, डबा कपाटाच्या मागे म्हणालात. कपाट भिंतीला किती चिकटलंय?

---

लँकेशायरकर, १४ जुलै, पहाटे ३.१५

इंग्लंडच्या उत्तरेत खेड्यात राहते, नवरा इथल्या दवाखान्यात. इथेही मोठ्या कंपन्यांना विखुरलेल्या शेतघरांपर्यंत तार नेणं परवडत नव्हतं. मग २०११ मध्ये गावकऱ्यांनी स्वतःची संस्था काढली, बी-फॉर-आर-एन. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून चर खणायला फुकट परवानगी दिली, स्वतः नांगर-कुदळ घेऊन खणलं, आजीबाईंनी केक आणि चहा पुरवला. आज आमच्या मेंढ्यांच्या कुरणात एक जीबीपीएस आहे, जाताना पण तेवढाच आणि येताना पण. कोकणात असं का नाही?

---

जॉइंटवाला, १४ जुलै, सकाळी ७.००

ताई, तिथे कुरणाला मालक एक असेल. इथे एका गुंठ्याच्या सातबाऱ्यावर चाळीस नावं. त्यातली बारा मयत, वीस मुंबईला, आणि उरलेल्या आठांत बोलणं नाही. चर खणायची सही कोणाची घेऊ? केकवर नाही भागणार.

---

कातळावरचा, १४ जुलै, सकाळी ७.४५

हे चाळीस नावांचं अगदी खरं. आमच्याच घराकडे येणारी वायर चुलत्यांच्या माडावरून लांबून फिरवून आणलीय, कारण सरळ वाट ज्यांच्या जमिनीतून जाते त्यांच्याशी आजोबांच्या काळापासून बोलणं बंद.

एक राहिलं होतं. एसएमएस. नेट नसलं तरी एसएमएस उशिरा का होईना येतो, म्हणून ऑर्डरची पोच मी त्यावर देतो. पण मराठी एसएमएसला एका खेपेत ७० अक्षरं, इंग्रजीला १६०. त्याहून मोठा झाला की दोनाचे पैसे. शिवाय मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. ‘आपली ऑर्डर यशस्वीरीत्या नोंदवण्यात आली आहे’ मध्येच निम्म्याहून जास्त जागा गेली. बागायतदाराने स्वतः सुचवलं: ‘पेटी ठेवली. सोमवारी गाडी.’ तेच चालू आहे तीन वर्षं. तसंच बाइटचंही. ‘देवगड’ मराठीत लिहिलं तर १५ बाइट, इंग्रजीत ६. पाठवताना दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवलं की हा फरक बराच कमी होतो, म्हणून ‘मराठीमुळे साइट जड होते’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. साइट जड होते ती फॉन्ट आणि चकत्यांनी.

@जॉइंटवाला, कपाट भिंतीला टेकलेलं आहे. शिसवी, आजीचं. काही संबंध?

---

जॉइंटवाला, १४ जुलै, सकाळी ७.५२

वायर त्या फटीतून येते का?

---

कातळावरचा, १४ जुलै, दुपारी १२.४०

येते.

चौघांनी कपाट हलवलं. मागे वायर काटकोनात चेपलेली, वर दहा वर्षांची धूळ आणि एक हरवलेला नारळ खवणीचा दांडा. वायर मोकळी केली, मोठा वळसा दिला. आधी डब्याच्या पानावर आकडा उणे २८.४ होता, आता उणे २२.१. दिवा हिरवा.

---

हिंजवडीचा_जावई, १४ जुलै, दुपारी १२.५५

म्हणजे तीन दिवसांचं गाऱ्हाणं आजीच्या कपाटावर निघालं.

---

कातळावरचा, १४ जुलै, दुपारी १.१०

माझ्या घरापुरतं निघालं. काकांचा अर्ज अजून तसाच आहे, पुतण्या दगडावर चढतोय. आईचं म्हणणं, खवणीचा दांडा सापडला हे महत्त्वाचं.